ओपनरूटसर्व्हिस : शहर कोणाच्या किती आवाक्यात आहे, हे मोजून दाखवणारी सेवा

शहरात उद्याने किती, शाळा किती आणि दवाखाने किती, याची यादी बहुतेक विकास आराखड्यांत असते. त्या उद्यानापर्यंत किंवा दवाखान्यापर्यंत कोण किती वेळात चालत जाऊ शकतो, याचे उत्तर मात्र फार थोड्या आराखड्यांत सापडते. ओपनरूटसर्व्हिस ही विनामूल्य ऑनलाइन सेवा ते उत्तर नकाशावर काढून दाखवते. रस्ता शोधून देणाऱ्या सेवा पुष्कळ आहेत आणि त्या कामात हिच्याहून सराईत सेवाही आहेत. हे परीक्षण तिच्या कमी वापरल्या जाणाऱ्या अंगाविषयी आहे : एखाद्या ठिकाणाहून ठरावीक वेळात किंवा ठरावीक अंतरात जिथवर जाता येते, तो सगळा प्रदेश ती रंगवून दाखवते. नागरी संशोधनातला एक जुना आणि मूलभूत प्रश्न विचारण्याचे साधन त्यामुळे सामान्य नागरिकाच्या हाती आले आहे, आणि म्हणूनच तिचे गुण व दोष दोन्ही बारकाईने पाहायला हवेत.

ही सेवा २००८ मध्ये विद्यापीठातील संशोधनातून सुरू झाली आणि आज जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाशी संलग्न असलेली हायगिट ही संस्था ती चालवते. तिचा सगळा आधार ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला, जगभरच्या स्वयंसेवकांनी रेखाटलेला खुला नकाशा आहे. वापर सोपा आहे. नकाशावर बिंदू ठेवायचा, पायी, सायकल, मोटार किंवा व्हीलचेअर यांपैकी साधन निवडायचे, वेळ किंवा अंतर ठरवायचे आणि ते किती टप्प्यांत विभागून हवे ते सांगायचे. थोड्याच वेळात एकात एक बसलेली पोहोच-क्षेत्रे समोर येतात. क्षेत्र त्या बिंदूपासून निघणाऱ्यांचे हवे की त्या बिंदूकडे येणाऱ्यांचे, हेही एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या आज्ञावलीतून सेवेला थेट विनंती पाठवण्याच्या सोयीतून, ठरवता येते. ही सोय किरकोळ वाटते, परंतु एकदिशा रस्त्यांच्या शहरात मोटारीने रुग्णालयाकडे येणाऱ्यांचे क्षेत्र आणि रुग्णालयातून निघणाऱ्यांचे क्षेत्र बरेच वेगळे निघू शकते आणि रुग्णाच्या दृष्टीने पहिलेच महत्त्वाचे असते.

या मोजमापाला इतके महत्त्व का द्यायचे, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकी संशोधक वॉल्टर हॅन्सन यांनी १९५९ मध्ये अशी मांडणी केली की एखाद्या ठिकाणाची सुगमता तिथून गाठता येणाऱ्या संधींवरून मोजावी आणि संधी जितकी दूर तितके तिचे वजन कमी धरावे. रोजगार, शिक्षण, उपचार, बाजार या सगळ्यांना ही मोजपट्टी लावता येते. व्यवहारात मात्र दुसरीच पट्टी रुजली. अमेरिकेच्या महामार्ग क्षमता पुस्तिकेच्या १९६५ च्या आवृत्तीने रस्त्यांच्या ‘सेवा पातळी’ला ए ते एफ अशा श्रेणी देण्याची पद्धत आणली आणि ती पुढे अनेक देशांत पोहोचली. त्या पद्धतीत मोटारींचा खोळंबा जितका कमी तितकी श्रेणी वरची. रस्ता रुंद केला की श्रेणी सुधारते, पण तोच रस्ता ओलांडायला पादचाऱ्याला लागणारा जास्तीचा वेळ त्या श्रेणीत कुठेही दिसत नाही. जो मोटारीत बसलेला नाही, तो हिशेबातच येत नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये कायदा करून प्रकल्पांच्या पर्यावरणीय छाननीतून मोटारींच्या खोळंब्याची ही कसोटी काढून टाकण्याचा मार्ग मोकळा केला आणि तिच्या जागी एकूण वाहनप्रवासाचे मोजमाप आले. मोजपट्टी बदलली की कोणता प्रकल्प चांगला ठरतो तेही बदलते, हे या प्रकरणावरून स्पष्ट दिसते.

ओपनरूटसर्व्हिसचा सर्वांत मोठा गुण असा की ती सरळ रेषेवर विश्वास ठेवत नाही. अनेक सरकारी अहवालांत उद्यान किंवा बसथांबा केंद्रस्थानी धरून परकाराने वर्तुळ काढले जाते आणि वर्तुळात येणाऱ्या सर्वांना ती सुविधा मिळाली असे मानले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी अकरावे उद्दिष्ट शहरांविषयी आहे. त्याच्या मोजणीत साध्या बसथांब्यासाठी ५०० मीटर, रेल्वेसारख्या अधिक क्षमतेच्या वाहतुकीसाठी १ किलोमीटर आणि सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी ४०० मीटर ही मर्यादा धरतात, आणि ते अंतर शक्यतो प्रत्यक्ष चालण्याच्या वाटेने मोजावे असे अपेक्षित असते. वर्तुळ आणि वाट यांतला फरक किती मोठा असू शकतो, हे रेल्वेमार्ग, नाला, नदी, द्रुतगती रस्ता किंवा कुंपण घातलेली मोठी वसाहत यांच्या कडेला बिंदू ठेवून पाहावे. वर्तुळ अडथळा सहज ओलांडून पलीकडे जाते. या सेवेने काढलेले क्षेत्र मात्र अडथळ्याला टेकून थांबते आणि एखाद्या पुलातून किंवा भुयारी मार्गातून चिंचोळ्या पट्टीसारखे पलीकडे निघते. पलीकडच्या वस्तीला उद्यान डोळ्यांना दिसते, पण तिथे जायला वळसा घालावा लागतो. अशा वस्त्या बहुतेक वेळा गरिबांच्याच असतात, कारण अडथळ्यालगतची जमीन स्वस्त असते. वर्तुळाच्या हिशेबाने त्या सुविधासंपन्न ठरतात, आणि नव्या उद्यानासाठी जागा राखून ठेवायची वेळ आली की त्यांचा क्रमांक मागे पडतो. एका साध्या पादचारी पुलाने किती लोकांची पोहोच वाढेल, हे नकाशावर आधी व नंतर असे दाखवता आले, तर खर्चाची चर्चा पुष्कळ वेगळ्या पातळीवर होऊ शकते. त्यासाठी नवा पूल नकाशाच्या स्वतःच्या प्रतीत रेखाटून सेवा आपल्या संगणकावर चालवावी लागते. हे काम जाणकाराचे असले तरी शक्य आहे, कारण आज्ञावली खुली आहे.

उलट प्रयोग, म्हणजे असलेला मार्ग बंद पडला तर काय होईल हे पाहणे, त्याहून पुष्कळ सोपे आहे. एपीआयच्या विनंतीसोबत एखाद्या क्षेत्राची हद्द देऊन ते टाळण्याची सूचना करता येते. पुराचे पाणी येणारा सखल भाग किंवा दुरुस्तीसाठी बंद होणारा पूल असा वगळला की कोणत्या वस्त्या रुग्णालयापासून तुटतात, ते तत्काळ दिसते. आपत्तीच्या नियोजनात या एका सोयीचे मोल फार आहे.

पायी चालण्याच्या प्रकारात पायऱ्या टाळण्याचा पर्याय आहे. लहान मुलाची ढकलगाडी नेणारी आई, जड सामान वाहणारा मजूर, गुडघे दुखणारा वृद्ध यांच्यासाठी शहराचा नकाशा कसा आक्रसतो, हे हा एकच पर्याय निवडून समजते, विशेषतः जिथे रस्ता ओलांडण्यासाठी जिन्यांचे पादचारी पूल हाच एकमेव मार्ग ठेवलेला आहे तिथे. व्हीलचेअरचा प्रकार त्याच्याही पुढे जातो. तिथे चढाची कमाल मर्यादा, पदपथाच्या कडेची चालू शकेल इतकी उंची, वाटेची किमान रुंदी, पृष्ठभागाचा प्रकार आणि त्याचा गुळगुळीतपणा अशा अटी घालता येतात. माझ्या पाहण्यातल्या सर्वांसाठी खुल्या सेवांमध्ये अपंग नागरिकाच्या हालचालीचा इतक्या तपशिलात विचार करणारी दुसरी सेवा क्वचितच आढळते.

याच ठिकाणी तिचा सर्वांत धोकादायक दोषही आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर बहुसंख्य रस्त्यांना कडेची उंची, रुंदी, पृष्ठभाग यांची नोंदच नसते. नोंद नसेल तर काय समजायचे? या सेवेचे मूळ ठरलेले उत्तर असे आहे की माहिती नसलेली वाट बाद करायची नाही. परिणामी ज्या भागात कोणीही पाहणी केलेली नाही, तो भाग व्हीलचेअरला खुला दिसू शकतो आणि जिथे एखाद्या कळकळीच्या स्वयंसेवकाने प्रत्येक उंच कड नोंदवली आहे, तो भाग अडचणीचा दिसतो. फक्त खात्रीची माहिती असलेल्या वाटाच धराव्यात, अशी कडक अट घालण्याची सोय एपीआयमध्ये आहे, परंतु ती आपणहून शोधावी लागते. माझा आग्रह असा की व्हीलचेअरचे क्षेत्र नेहमी दोन्ही पद्धतींनी काढावे. सैल अटीचे क्षेत्र आणि कडक अटीचे क्षेत्र यांच्यामधला पट्टा हा आपल्या अज्ञानाचा पट्टा असतो. पहिली पाहणी कुठे करायची, हे त्यावरून ठरवता येते. कोणत्याही अहवालात केवळ सैल अटीचा नकाशा छापून शहर अपंगस्नेही असल्याचा निष्कर्ष काढणे हे सरळसरळ अन्यायाचे होईल, आणि सेवेने हा इशारा नकाशाच्या शेजारी ठळकपणे द्यायला हवा होता.

दुसरा मुद्दा वेगाचा आहे. पायी चालणाऱ्याचा वेग ही सेवा साधारणपणे ताशी ५ किलोमीटर धरते, म्हणजे पंधरा मिनिटांत १,२५० मीटर. निरोगी, मोकळ्या हातांच्या प्रौढासाठी हे ठीक आहे. परंतु इंग्लंडमधील आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला; तिथल्या सिग्नलची वेळ मात्र सेकंदाला १.२ मीटर हा वेग गृहीत धरून ठरवलेली होती. आता हिशेब करून पाहावा. सेकंदाला ०.८ मीटर चालणारी स्त्री पंधरा मिनिटांत ७२० मीटर जाते. अंतर साधारण चाळीस टक्क्यांनी घटले, पण क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे सर्व दिशांना वाटा सारख्याच खुल्या आहेत असे मानले, तर तिच्या वाट्याला तरुण माणसाच्या क्षेत्राचा जेमतेम एक तृतीयांश भाग येतो. दोन-तृतीयांश शहर केवळ वयामुळे हातचे जाते. सॉरबॉन विद्यापीठातील कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये मांडलेली आणि पुढे पॅरिस महापालिकेने उचलून धरलेली ‘पंधरा मिनिटांचे शहर’ ही कल्पना आज अनेक आराखड्यांत दिसते. ती मला मनापासून पटते. तरीही ही पंधरा मिनिटे कोणाची, असे प्रत्येक आराखड्याला विचारले पाहिजे, कारण नकाशावरचे रंगीत क्षेत्र त्याचे उत्तर आपणहून देत नाही.

पायी चालण्याचा वेग स्वतः ठरवण्याची सोय संकेतस्थळावर नाही, ही मोठी उणीव आहे. त्यावर उपाय मात्र सेवेतच दडलेला आहे : वेळेऐवजी अंतर निवडावे. वृद्धांसाठी पंधरा मिनिटांचे क्षेत्र हवे असेल तर ७२० मीटर लिहावेत. रस्ता ओलांडण्यासाठी सिग्नलवर थांबावे लागणारा वेळ सेवा मोजत नाही, म्हणून मोठे चौक असलेल्या भागात हे अंतर आणखी कमी धरणे रास्त ठरेल. रात्री दिवे नसलेली गल्ली, छेडछाडीची भीती असलेला भुयारी मार्ग, पदपथच नसल्यामुळे वाहनांमधून चालावे लागणारा रस्ता यांतले काहीही या क्षेत्राला कळत नाही. स्त्रियांच्या दृष्टीने पाहता, भर दुपारचा आणि रात्री दहाचा नकाशा एकच येतो. व्हिएन्ना शहराने १९९० च्या दशकापासून स्त्रियांचा रोजचा प्रवास समजून घेऊन पदपथ रुंद करणे, दिवे लावणे, बाके ठेवणे, उद्यानांची रचना बदलणे अशी कामे केली, आणि त्यांची सुरुवात लोकांना प्रत्यक्ष विचारण्यापासून झाली होती. तशा विचारपुशीला या सेवेत पर्याय नाही आणि तो शोधूही नये.

मूळ नकाशा स्वयंसेवकांनी काढलेला असल्याने त्यात कोण दिसते आणि कोण दिसत नाही, हा प्रश्नही न्यायाचाच आहे. नैरोबीतील किबेरा ही दाट लोकवस्ती २००९ पर्यंत ओपनस्ट्रीटमॅपवर जवळजवळ कोरी होती. त्या वर्षी तिथल्याच तरुणांनी जीपीएस यंत्रे घेऊन पायवाटा, पाण्याच्या जागा, शौचालये, दवाखाने नोंदवले, तेव्हा ती वस्ती नकाशावर आली. कोऱ्या नकाशावर ओपनरूटसर्व्हिस चालवली तर उत्तर येते, पण ते फक्त मोठ्या रस्त्यांचे असते. बोळांतून जाणाऱ्या जवळच्या वाटा नोंदलेल्या नसल्यामुळे तिथली पोहोच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, आणि दुसरीकडे कुलूपबंद फाटकाची नोंद नसल्यामुळे खासगी वसाहतीतून जाणारा रस्ता सर्वांना खुला दिसतो. म्हणून कोणत्याही भागाचे क्षेत्र काढण्याआधी तिथला नकाशा उपग्रहचित्राशी ताडून पाहावा आणि शक्य असल्यास त्या भागात राहणाऱ्या दोन-चार जणांना दाखवावा. हायगिटनेच ओहसम नावाची साधने तयार केली असून एखाद्या प्रदेशातील नोंदी कोणत्या वर्षी किती वाढल्या हे त्यांत पाहता येते. नोंदी वाढता वाढता स्थिरावल्या असतील तर नकाशा बऱ्यापैकी भरलेला आहे, असा साधारण अंदाज बांधता येतो. नकाशातली चूक कोणालाही दुरुस्त करता येते आणि काही काळाने ती सेवेतही उतरते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बंदिस्त व्यापारी नकाशांबाबत नागरिकाला हा अधिकार नसतो.

पोहोच-क्षेत्रासोबत त्यात राहणाऱ्या लोकसंख्येचा अंदाजही मागवता येतो. हा आकडा युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने तयार केलेल्या जागतिक मानवी वसाहतींच्या आधारसामग्रीवरून काढलेला असतो. जनगणनेतील लोकसंख्या उपग्रहचित्रांत दिसणाऱ्या बांधकामांवर वाटून ती चौकटी-चौकटींत मांडलेली असते. मोठ्या भागांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे, परंतु झोपडवस्त्यांत बांधकाम कमी आणि माणसे जास्त असल्यामुळे अशा पद्धती तिथली लोकसंख्या कमी दाखवतात, असे अभ्यासांतून पुढे आले आहे. एका लहान वस्तीसाठी हा आकडा पुरावा म्हणून मांडू नये.

सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकानुसार पोहोच मोजायची असेल तर मी ही सेवा सुचवणार नाही. त्यासाठी कन्व्हेयल या संस्थेचे आर-फाइव्ह हे खुले इंजिन आणि त्यावर ब्राझीलच्या इपिया या सरकारी संशोधन संस्थेने रचलेले आर-फाइव्ह-आर हे साधन अधिक योग्य आहे, मात्र त्यासाठी संगणकीय भाषेची ओळख लागते. ब्राझीलमधील संशोधक राफाएल परेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिओ दि जानेरोमध्ये २०१४ ते २०१७ या काळातील वाहतूक बदलांचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की विश्वचषक आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या नव्या मार्गांच्या लाभाने बससेवेतील कपातीचे नुकसान भरून निघाले नाही आणि एकूण परिणाम गरिबांपेक्षा सधनांना अधिक अनुकूल ठरला. नव्या मार्गाचे उद्घाटन सर्वांना दिसते. कमी झालेल्या बसफेऱ्या फक्त थांब्यावर उभ्या राहणाऱ्याला कळतात. वेळापत्रकासह पोहोच मोजल्याशिवाय हे उघड झाले नसते.

वापराच्या दृष्टीने थोडे. साध्या कामासाठी संकेतस्थळ पुरेसे आहे आणि तयार क्षेत्र फाइल म्हणून उतरवून घेता येते. अनेक बिंदूंचे काम असेल तर क्यूजीआयएस या विनामूल्य नकाशा-आज्ञावलीत या सेवेचे जोडसाधन बसवावे. शहरातल्या सर्व सार्वजनिक दवाखान्यांची क्षेत्रे एकत्र काढून कोणता भाग कोणत्याच क्षेत्रात येत नाही, हे त्यातून पाहता येते आणि माझ्या मते या सेवेचा खरा उपयोग तिथेच आहे. त्यासाठी नोंदणी करून विनामूल्य कळ (एपीआय वापरण्याचा परवलीचा संकेत) घ्यावी लागते आणि रोजच्या विनंत्यांवर मर्यादा असते. कागदपत्रे इंग्रजीत आहेत व ती तंत्रज्ञांसाठी लिहिलेली आहेत. पायऱ्या टाळण्याचा किंवा खात्रीच्याच वाटा धरण्याचा पर्याय सामाजिक दृष्ट्या काय सांगतो, याचे स्पष्टीकरण त्यांत मिळत नाही. क्षेत्राची बाह्यरेषा गुळगुळीत करून काढलेली असल्यामुळे कडेवरच्या घरांबाबत आत की बाहेर असा वाद घालण्यात अर्थ नाही.

विकास आराखड्यावर हरकती-सूचना मांडणारे नागरिक, अपंगांच्या संघटना, वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते, नगररचनेचे विद्यार्थी आणि पत्रकार यांनी ही सेवा अवश्य वापरावी, अशी माझी शिफारस आहे. पायी आणि सायकलच्या क्षेत्रांसाठी ती वर सांगितलेली वेगाची व नकाशाची काळजी घेऊन, व्हीलचेअरसाठी दोन्ही अटींचे नकाशे शेजारी ठेवून. सेवा चालवणाऱ्यांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पायी चालण्याचा वेग बदलण्याची सोय संकेतस्थळावर पहिल्याच पानावर द्यावी, आणि ज्या वाटांची माहिती नाही त्या रंगवलेल्या क्षेत्रात वेगळ्या छटेने दाखवाव्यात. दोन्ही गोष्टींसाठी लागणारी गणिते सेवेजवळ आजच आहेत.